युरोपच्या परराष्ट्र आणि संरक्षण धोरणावर खासदारांची नजर किती, हे एक मिशन घेऊन कसं तपासायचं

युरोपियन युनियनने तांबड्या समुद्रात युद्धनौका पाठवल्या, रशियावर निर्बंधांचं आणखी एक पॅकेज आलं, युक्रेनला शस्त्रांसाठी अमुक अब्ज युरो दिले, अशा बातम्या आपण सतत वाचतो. पण हे ठरताना निवडून आलेल्या एखाद्या खासदाराने प्रश्न विचारला का, कुठे मतदान झालं का, की मंत्र्यांनी बसून परस्पर ठरवलं, हे बातमीत जवळजवळ कधीच येत नाही. आंतरराष्ट्रीय संबंध शिकणारी मुलं, स्पर्धा परीक्षावाले, पत्रकार आणि जर्मनी-नेदरलँड्सकडे स्थायिक होऊन आता तिथे मतदान करणारे आपले लोक, सगळ्यांना उपयोगी पडेल म्हणून हे शोधायची पद्धत लिहितोय. बहुतेक कागद ऑनलाइन आहेत, फुकट आहेत, फक्त एका जागी नाहीत आणि सगळा घोळ तिथेच होतो.

सगळ्यात आधी "युरोपचं परराष्ट्र धोरण" असा मोठा विषय डोक्यातून काढा आणि एकच मिशन पकडा. मी इथे ॲस्पिडीस घेतोय. ८ फेब्रुवारी २०२४ ला युनियनच्या कौन्सिलने, म्हणजे सदस्य देशांच्या सरकारांनी मिळून, निर्णय घेतला, १९ फेब्रुवारीला मिशन सुरू झालं, मुख्यालय ग्रीसमध्ये लारिसाला आणि काम काय तर येमेनमधल्या हूथी बंडखोरांच्या ड्रोन-मिसाइलपासून व्यापारी जहाजांना वाचवणं. आपल्याला हा विषय वाटतो तेवढा लांबचा नाही, कारण त्या जहाजांवर कोकणातली, गोव्यातली कितीतरी पोरं नोकरीला असतात. चाच्यांविरुद्ध २००८ पासून चालू असलेलं अटलांटा हे युरोपियन मिशन तर आपल्या नौदलाच्या सोबतीनेच त्या पट्ट्यात फिरतं, मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताने रुएन जहाजावरचे ३५ चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले, त्या जहाजाच्या मागावर अटलांटासुद्धा होतंच.

मिशन ठरलं की तीन कलमांचे नंबर लिहून घ्या, सगळे युरोपियन युनियनच्या तहातले, आणि १ डिसेंबर २००९ ला लिस्बन तह लागू झाल्यापासून हेच नंबर चालू आहेत. कलम २४ सांगतं की ह्या धोरणात कायदे होत नाहीत आणि निर्णय साधारणपणे एकमताने होतात. कलम ३६ सांगतं की युनियनच्या परराष्ट्र प्रतिनिधीने, आत्ता काया कालास आहेत, युरोपियन संसदेशी मुख्य बाबींवर नियमित सल्लामसलत करायची, संसदेची मतं लक्षात घ्यायची आणि वर्षातून दोनदा सभागृहात चर्चा व्हायची. कलम ४१ पैशाचं आहे, ते पुढे येतंच. ह्या तिन्हींमध्ये युरोपियन संसदेला मिशन थांबवायचा अधिकार कुठेच नाही. ती विचारू शकते, शिफारस करू शकते, ठराव करू शकते, आणि हे पक्कं माहीत असेल तर "संसदेने मंजुरी दिली" असं लिहिणाऱ्या बातमीवर तुम्ही लगेच अडाल, कारण ती मंजुरी बहुतेक वेळा कुठल्यातरी एका देशाच्या संसदेची असते.

आता एक साधी एक्सेल शीट उघडा. तारीख, काय झालं, कोणी ठरवलं, त्या दिवसापर्यंत कुठल्या खासदारांनी मत दिलं होतं, एवढे चार रकाने पुरे. ॲस्पिडीस भरून बघा म्हणजे चित्र दिसायला लागेल. ८ फेब्रुवारी, ब्रुसेल्समध्ये निर्णय, आणि त्याच दिवशी जर्मनीची हेसेन ही फ्रिगेट, म्हणजे युद्धनौका, विल्हेल्म्सहाफेन बंदरातून निघाली. १९ तारखेला मिशन सुरू. २३ फेब्रुवारीला बुंडेसटागने, म्हणजे जर्मन संसदेने, जास्तीत जास्त ७०० सैनिकांना मंजुरी दिली. २ मार्चला इटलीच्या कायो दुइलिओ जहाजाने एक ड्रोन पाडलं आणि इटलीच्या संसदेचं मतदान झालं ५ मार्चला. कुणी नियम मोडला असं माझं म्हणणं नाही, इटलीने ती कारवाई स्वसंरक्षणातली असल्याचं सांगितलंय. पण चौथा रकाना बघा ना, जहाज समुद्रात, बंदूक चाललेली आणि मतदान नंतर. अशा वेळी "नाही" म्हणणं खासदाराला किती जड जात असेल हा विचार तारखा एकाखाली एक मांडल्याशिवाय मनात येत नाही, म्हणून ही शीट मी सोडून द्या म्हणणार नाही.

ब्रुसेल्स नंतर बघा, आधी देशांच्या संसदा बघा, खरा दम तिथे आहे आणि प्रत्येक देशाची रीत वेगळी आहे. जर्मनीत १९९४ मध्ये घटनात्मक न्यायालयाने सांगितलं की सशस्त्र सैन्य बाहेर पाठवायचं तर बुंडेसटागची संमती लागणारच, मग २००५ मध्ये त्याचा कायदा झाला. त्यात एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा, बुंडेसटाग सरकारच्या प्रस्तावाला हो किंवा नाही एवढंच म्हणू शकतं, त्यातलं वाक्य बदलू शकत नाही. म्हणून तिथे नुसता मतदानाचा आकडा बघून उपयोग नाही, कमिटीची शिफारस आणि चर्चेचा वृत्तांत वाचायचा. सरकारला कुठल्या अटी तोंडी मान्य करायला लावल्या ते तिथे सापडतं. ब्राउझरचं भाषांतर ह्या कामाला पुरेसं चांगलं आहे.

डेन्मार्कची पद्धत मला सगळ्यात आवडते. तिथे मंत्री ब्रुसेल्सला जायच्या आधी, सहसा शुक्रवारी, संसदेच्या युरोप कमिटीसमोर येतो, महत्त्वाच्या विषयावर मी काय भूमिका घेणार आहे ते सांगतो, आणि कमिटीत विरोधात बहुमत नसेल तरच तो ती भूमिका घेऊन जातो. म्हणजे प्रश्न विचारायची वेळ निर्णयाच्या आधी येते, आणि माझ्या मते एखाद्या संसदेची पद्धत चांगली की कामचलाऊ हे ओळखायची हीच सगळ्यात सोपी खूण आहे. फक्त डेन्मार्कचं जुनं मिशन तपासत असाल तर एक सांभाळा, युनियनच्या संरक्षण धोरणातून हा देश कित्येक वर्षं बाहेर होता, १ जून २०२२ च्या सार्वमतानंतर आत आला. फिनलंडमध्ये ह्या धोरणाचे विषय संसदेच्या परराष्ट्र कमिटीकडे जातात, बाकीचे युरोपियन विषय ग्रँड कमिटीकडे, त्यामुळे चुकीच्या कमिटीच्या पानावर शोधत बसू नका. आयर्लंडमध्ये १२ पेक्षा जास्त सैनिक पाठवायचे तर संयुक्त राष्ट्रांचा ठराव, सरकार आणि संसद अशी तिहेरी मंजुरी लागायची रीत आहे आणि ती बदलायची का ह्यावर तिथे जोरदार वाद झालाय.

मग युरोपियन संसदेकडे या. तिथे दोन कमिट्या, परराष्ट्र व्यवहार आणि सुरक्षा-संरक्षण. दुसरी आधी उपसमिती होती, २०२५ च्या सुरुवातीला पूर्ण कमिटी झाली, म्हणून जुने रिपोर्ट परराष्ट्र कमिटीच्या नावाखाली शोधावे लागतात. बैठका बहुतेक लाइव्ह दिसतात आणि रेकॉर्डिंगही राहतं, पण अजेंड्यावर "बंद दाराआड" लिहिलेला भाग दिसत नाही, तो किती वेळाचा होता तेवढं तरी टिपून ठेवा. वर्षातून एकदा परराष्ट्र धोरणावर आणि एकदा संरक्षण धोरणावर संसदेचा रिपोर्ट येतो. लांबलचक असतो, सगळा वाचत बसू नका, तुमच्या मिशनचं नाव टाकून शोधा आणि मागच्या वर्षीच्या परिच्छेदाशी ताडून बघा. तीच मागणी शब्दाला शब्द परत आली असेल तर तिच्यावर वर्षभरात काही झालं नाही असं समजायला हरकत नाही.

खरा माल मात्र लेखी प्रश्नांत आहे. परराष्ट्र प्रतिनिधीला विचारलेला प्रश्न आणि आलेलं उत्तर दोन्ही संसदेच्या साइटवर असतात, साध्या प्रश्नाला सहा आठवडे आणि तातडीच्या प्रश्नाला तीन आठवडे अशी मुदत आहे. प्रश्न आणि उत्तर शेजारी शेजारी उघडून एकेक उपप्रश्न टिक करत जा. "मिशनच्या यशाबद्दल आपलं मत काय" असल्या प्रश्नाला पानभर गोड उत्तर मिळतं आणि हाती काही लागत नाही. "अमुक तारखेला किती जहाजं उपलब्ध होती, कुठल्या देशाने किती दिली, खर्च कुठून झाला" असं विचारलं की उत्तर एकतर आकड्यात येतं किंवा टाळाटाळ सरळ उघडी पडते, आणि ती टाळाटाळ हीसुद्धा तुमच्या शीटमधली एक नोंद आहे. शिवाय २०१२ पासून सगळ्या संसदांची मिळून एक परिषद वर्षातून दोनदा भरते, प्रत्येक देशाच्या संसदेचे सहा आणि युरोपियन संसदेचे सोळा सदस्य, तिचे निष्कर्ष कुणावर बंधनकारक नसतात, पण इतर देशांचे खासदार काय विचारतायत ते कळायला बरी आहे.

गुप्त कागदांचं काय? २००२ च्या एका करारानुसार कौन्सिलकडची संवेदनशील संरक्षण माहिती युरोपियन संसदेच्या पाच सदस्यांच्या खास गटाला बघता येते. सातशेच्या वर खासदारांच्या सभागृहात पाच. गुप्तता लागते हे मला मान्यच आहे, खलाशांचे जीव त्यावर असतात, पण हे प्रमाण मला पटत नाही.

पैशापाशी मात्र नीट थांबा, कारण संसदेची पकड सगळ्यात जास्त इथेच सुटते. कलम ४१ प्रमाणे नागरी मिशनांचा खर्च युनियनच्या बजेटमधून होतो आणि बजेटवर युरोपियन संसदेचा शब्द चालतो. लष्करी मिशनांचा खर्च त्या बजेटमधून करताच येत नाही. त्यासाठी मार्च २०२१ मध्ये युरोपियन पीस फॅसिलिटी नावाचा वेगळा निधी काढला, देश थेट वर्गणी भरतात, सुरुवातीला पाच अब्ज युरोच्या आसपास आणि मार्च २०२४ पर्यंत त्याची मर्यादा सतरा अब्जांवर गेली. युक्रेनला दिलेल्या शस्त्रांची भरपाई ह्यातून होते, आणि एवढ्या रकमेवर युरोपियन संसदेचं मत लागत नाही. ॲस्पिडीसचंच बघा, पहिल्या वर्षाचा सामायिक खर्च म्हणून साधारण ८० लाख युरो जाहीर झाले, आणि बातम्यांत तोच "मिशनचा खर्च" म्हणून फिरला. एवढ्यात फ्रिगेट वर्षभर समुद्रात राहील का? जहाज, इंधन, मिसाइल, पगार सगळं ज्याचं त्याने भरायचं, त्यामुळे खरा आकडा हवा असेल तर जर्मनीच्या प्रस्तावात खर्चाचा परिच्छेद असतो तो वाचा, इटलीचा मिशनांचा कागद काढा, ग्रीसचं संरक्षण बजेट बघा, आणि बेरीज स्वतः करा. कंटाळवाणं काम आहे, पण ही बेरीज तयार मिळत नाही आणि म्हणूनच करायची. हाच प्रश्न आता आणखी मोठा झालाय, मे २०२५ मध्ये शस्त्रखरेदीसाठी १५० अब्ज युरो कर्जाची सेफ योजना कौन्सिलने आणीबाणीच्या कलमाखाली संसदेला वगळून मंजूर केली आणि त्यावर युरोपियन संसद थेट कोर्टात गेली.

कोर्टाचे निकाल वाचायला घाबरू नका, निदान दोन वाचाच. अटलांटाने पकडलेले संशयित चाचे मॉरिशसच्या ताब्यात द्यायचा करार जुलै २०११ मध्ये झाला, कौन्सिलने युरोपियन संसदेला कळवलं १७ ऑक्टोबरला, म्हणजे तीन महिन्यांनी आणि करार राजपत्रात छापून आल्यावर तब्बल १७ दिवसांनी. राजपत्र चाळणाऱ्या कुणालाही जे कळलं होतं ते संसदेला अधिकृतपणे नंतर कळलं. २०१४ मध्ये युरोपियन युनियनच्या न्यायालयाने ह्याच कारणासाठी तो निर्णय रद्द केला, चाच्यांवरचे खटले अडू नयेत म्हणून परिणाम तेवढे चालू ठेवले. दुसरा निकाल जर्मन घटनात्मक न्यायालयाचा, २६ ऑक्टोबर २०२२ चा. भूमध्य समुद्रातल्या युरोपियन मिशनची मूळ संकल्पना ठरवणारा कागद सरकारने बुंडेसटागला वेळेत दिला नव्हता, कोर्ट म्हणालं हा माहितीच्या हक्काचा भंग आहे. दोन्हीकडे भांडण माहिती कधी मिळाली ह्याचंच आहे, म्हणून तुमच्या शीटमध्ये "संसदेला कधी कळवलं" असा पाचवा रकाना घाला.

शेवटी, कागद मिळत नसेल तर मागा. कौन्सिलच्या ऑनलाइन रजिस्टरमध्ये न उघडणाऱ्या कागदाचाही नंबर आणि विषय बऱ्याचदा दिसतो, तो नंबर टाकून अर्ज करायचा. युनियनचे नागरिक आणि तिथे राहणारे लोक ह्यांना हा हक्कच आहे, बाहेरच्यांनाही संस्था कागद देऊ शकतात. उत्तराची मुदत कामाचे १५ दिवस, नकार आला तर फेरअर्ज. अर्जात "संपूर्ण नाही तर निदान काही भाग द्या" हे वाक्य विसरू नका, ते युरोपियन संसदेतल्या फिनलंडच्या खासदार हायडी हाउतालांच्या लढ्यामुळे वजनदार झालंय. त्यांनी शस्त्रनिर्यातीवरचा कौन्सिलचा रिपोर्ट मागितला, नकार आला, त्या कोर्टात गेल्या आणि २००१ मध्ये निकाल लागला की अख्खा कागद नाकारायच्या आधी त्यातला काही भाग देता येतो का हे बघावंच लागेल. अर्ज एका मिशनपुरता, एका काळापुरता ठेवा, "ॲस्पिडीसबद्दल सगळं" मागितलंत तर महिने जातील. आणि काळ्या पट्ट्या मारलेली पानं हातात आली तर त्यांचा नंबर टाकून तुमच्या मतदारसंघातल्या किंवा संरक्षण कमिटीवरच्या खासदाराच्या ऑफिसला मेल करा, नेमका लेखी प्रश्न तुम्हीच तयार करून जोडा, तीन उपप्रश्नांपेक्षा मोठा नको. त्याने तो घेतला तर सहा आठवड्यांची मुदत प्रश्न संसदेकडून पुढे पाठवला गेला त्या दिवसापासून मोजायची.