बॅकअप अडला की: आधी डेटा, मग डिस्क, मग पार्टिशन

भाद्रपद लागला की नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत दिवाळी अंकांची पानं लागायला लागतात. १९९८ पासून मी डीटीपी करते. मागे एका वर्षी असाच एक अंक हातात होता, १४४ पानं लावून झाली होती, दुसरं प्रूफ यायचं होतं. सहज बॅकअपची खिडकी उघडली, तर ‘शेवटचा यशस्वी बॅकअप’ याच्यापुढे बावीस दिवसांपूर्वीची तारीख. पोटात गोळा आला. मी वेळ लावून ठेवली होती गुरुवारी दुपारी दोनची, आणि पुण्यात दुरुस्तीसाठी लाइट जाते ती गुरुवारीच! मशीनच बंद, तर बॅकअप होणार कसा? म्हणून हाताने सुरू केला, तर थोडा पुढे जाऊन थांबला आणि ०एक्स८०७८०११९ असा आकडा दाखवला.

तो आठवडा मी यातच घालवला. त्यानंतर पेठेतल्या बऱ्याच जणांच्या मशीनसमोर बसले आहे. त्यातून जो क्रम कामाचा ठरला, तो लिहिते.

बॅकअप अडला की लगेच दुरुस्तीला हात घालायचा नाही. आधी चालू कामाचा फोल्डर साधा कॉपी करून दुसऱ्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवायचा. पार्टिशन हलवणं, डिस्क तपासणं, केबल बदलणं यांतलं काहीही करताना हातातला डेटा जाऊ शकतो, आणि त्या क्षणी तुमच्याकडे बॅकअप नसतो. तेवढ्या वेळात अंकाची पानं सुरक्षित झाली, की पुढचं काम शांत डोक्याने होतं.

आता एक गोष्ट मी प्रत्येकाला विचारते: बॅकअप जातो कुठे? एक संपादक काका आहेत, त्यांनी मोठ्या विश्वासाने सांगितलं, “ताई, माझा बॅकअप ई ड्राइव्हला आहे, दुकानदाराने नावच ‘बॅकअप’ दिलंय.” मशीन उघडून बघितलं, तर सी, डी आणि ई तिन्ही एकाच हार्ड डिस्कचे भाग. पार्टिशन म्हणजे एकाच वाड्यातल्या खोल्या. वाडा पडला की माजघर वेगळं वाचत नाही. विंडोज बिघडलं तर ई मधल्या फाइली राहतील, तेवढा त्याचा उपयोग. पण डिस्कच गेली तर तिन्ही एकदम जातात. स्वतःचं बघायचं असेल तर स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. खालच्या भागात ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ अशा आडव्या पट्ट्या दिसतात. तुमचं काम आणि तुमचा बॅकअप एकाच पट्टीत असतील, तर बाकीचं वाचायच्या आधी बाहेरची डिस्क आणा.

बाहेरची डिस्क आहे आणि तरी बॅकअप मध्येच तुटतो, तर मी सगळ्यात आधी केबल हातात घेते. छोट्या पोर्टेबल डिस्कला मागे जे रुंद, चपटं, मधे खाच असलेलं तोंड असतं, ते वापरून ढिलं पडतं. बॅकअप चालू असताना तिथे अगदी हलकं बोट लावून बघा. दिवा विझून पुन्हा लागला किंवा विंडोजचा ‘डिंग’ वाजला, तर दोष तिथेच आहे. पुण्यातल्या तपकीर गल्लीत अशी केबल सहज मिळते. ती लांबलचक घेऊ नका, आखूडच घ्या. आणि डेस्कटॉप असेल तर पुढच्या बाजूच्या पोर्टऐवजी कॅबिनेटच्या मागचा, थेट मदरबोर्डवरचा पोर्ट वापरा. माझ्याकडे आलेल्या अडचणींपैकी कितीतरी एवढ्यावर मिटल्या. रात्रभराच्या बॅकअपमध्ये डिस्क झोपी जात असेल, तर पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा.

केबल ठीक असेल तर डिस्कची प्रकृती बघायची. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. हार्ड डिस्कसाठी त्यात तीन ओळी मी बघते: ०५ म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर (डिस्कवरचे डेटा ठेवायचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे संशयित सेक्टर, सी६ म्हणजे वाचताच न आलेले. या तिन्हींपुढे शून्य असावं. सी५ शून्यापेक्षा जास्त असेल आणि आठवड्याभरात वाढत असेल, तर ती डिस्क बॅकअपसाठी ठेवायची नाही, मग तिने कितीही वर्षं साथ दिलेली असो. सी७ वाढत असेल तर डिस्कवर राग काढू नका, तो बहुतेक वेळा कॅबिनेटच्या आतल्या साटा केबलचा दोष असतो. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर काहीही चालवू नका. ‘चेकडिस्क’ तर नाहीच. चेकडिस्कचा ‘स्लॅश एफ’ फाइल व्यवस्थेतल्या, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे त्या नोंदींतल्या, चुका दुरुस्त करतो आणि ‘स्लॅश आर’ सगळी डिस्क सेक्टर-सेक्टर वाचतो. मोठ्या डिस्कवर त्याला तासन्‌तास लागतात. मरायला टेकलेल्या डिस्कला एवढं पळवणं म्हणजे तिचा शेवट जवळ आणणं. आधी फाइली काढा, मग तपासा.

बाहेरची डिस्क लावली आणि विंडोज म्हणालं की ‘वापरण्याआधी फॉरमॅट करा’, तर तिथे ‘कॅन्सल’ दाबा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिच्यावर ‘रॉ’ लिहिलेलं दिसेल. याचा अर्थ फाइल व्यवस्था वाचता येत नाही एवढाच, आतल्या फाइली बहुतेक वेळा तिथेच असतात. फॉरमॅट केलंत की त्या परत मिळवणं फार अवघड होतं.

जागेचा घोळ वेगळाच. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ती फसवणूक नाही, मोजण्याच्या दोन पद्धतींचा फरक आहे. डिस्क फॅट३२ या जुन्या फाइल व्यवस्थेत असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल तिच्यावर बसत नाही, मग आत शेकडो जीबी मोकळे असोत. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘बॅकअप अँड रिस्टोअर’ने पूर्ण सिस्टिम इमेज, म्हणजे विंडोजसकट सगळ्याची एकत्र प्रत, घ्यायची तर बाहेरच्या डिस्कवर एनटीएफएस हीच फाइल व्यवस्था लागते. आणि डिस्क जुन्या इमेजनी भरली असेल तर त्याच खिडकीतल्या ‘मॅनेज स्पेस’मधून जुन्या काढा. एक्सप्लोररमधून फोल्डर उडवू नका.

आता माझा तो आकडा, ०एक्स८०७८०११९. संदेश म्हणत होता, ‘डिस्कवर पुरेशी जागा नाही’, आणि माझ्या बाहेरच्या डिस्कवर सहाशे जीबी मोकळे! दोन दिवस मी चुकीच्या डिस्ककडे बघत बसले. जागा कमी होती ती आतल्या, अक्षर नसलेल्या एका छोट्या पार्टिशनवर. विंडोज इमेज घेताना आधी प्रत्येक लागणाऱ्या पार्टिशनची सावली-प्रत बनवतं, जिला शॅडो कॉपी म्हणतात, आणि त्यासाठी त्या पार्टिशनवर थोडी मोकळी जागा लागते. पार्टिशन ५०० एमबीपेक्षा लहान असेल तर निदान ५० एमबी, त्यापेक्षा मोठं असेल तर ३२० एमबी. माझं रिकव्हरी पार्टिशन, म्हणजे विंडोज बिघडलं तर दुरुस्तीची साधनं जिथे असतात तो भाग, ५२९ एमबीचं होतं आणि जवळजवळ भरलेलं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये मात्र त्याच्यापुढे ‘१०० टक्के मोकळं’ असं दिसतं. त्यावर जाऊ नका, अक्षर नसलेल्या अशा पार्टिशनच्या आतलं ते वाचतच नाही. खरा आकडा दिसतो तो वेगळ्या पार्टिशन सॉफ्टवेअरमध्ये.

त्या वेळेपुरती वाट अशी निघाली. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधून ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडा. ‘री-एजंट-सी’ हा इंग्रजीतला एकच सलग शब्द टाइप करा, मग एक जागा सोडून ‘स्लॅश इन्फो’. रिकव्हरी चालू आहे का आणि कुठल्या पार्टिशनवर आहे, ते कळतं. मग त्याच शब्दापुढे ‘स्लॅश डिसेबल’ दिलं की रिकव्हरीची मोठी फाइल सी ड्राइव्हवर येते आणि ते छोटं पार्टिशन मोकळं होतं. लगेच सिस्टिम इमेज घ्या. झाली की ‘स्लॅश एनेबल’ द्या आणि पुन्हा ‘इन्फो’ने खात्री करा. माझी इमेज तेव्हा पहिल्या फटक्यात पूर्ण झाली.

कायमचा उपाय म्हणजे ते पार्टिशन मोठं करणं. जानेवारी २०२४ मध्ये रिकव्हरीसाठीचं विंडोज १० चं एक अपडेट कित्येक मशीनवर याच कारणाने बसत नव्हतं आणि मायक्रोसॉफ्टने ते पार्टिशन २५० एमबीने वाढवायला सांगितलं होतं. मी सरळ १ जीबी वाढवते. इथे डिस्क मॅनेजमेंटची मर्यादा कळून घ्यायला हवी. ‘श्रिंक व्हॉल्यूम’ नेहमी उजव्या टोकाकडून जागा कापतं, आणि ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ला अगदी लागून, उजवीकडेच, ‘अनअलोकेटेड’ जागा लागते. मधे दुसरं पार्टिशन आलं की एक्स्टेंडचा पर्याय फिकटच राहतो. लोक डी काढून टाकतात आणि तरी सी वाढत नाही म्हणून वैतागतात. बघितलं तर दोघांच्या मधे ते रिकव्हरी बसलेलं असतं. माझ्या बाबतीत रिकव्हरीला डावीकडे वाढवायचं होतं, आणि ते डिस्क मॅनेजमेंट करतच नाही. म्हणून सी मी विंडोजमधूनच १ जीबीने कमी केला, रिकव्हरी डिसेबल केली, पेन ड्राइव्हवरून जीपार्टेड हे पार्टिशन सॉफ्टवेअर सुरू करून रिकव्हरी त्या जागेत ओढली आणि परत विंडोजमध्ये येऊन एनेबल केली. पार्टिशन हलत असताना लाइट जाऊन चालत नाही. त्यामुळे यूपीएस असल्याशिवाय किंवा लॅपटॉप चार्जरला लावल्याशिवाय हात लावू नका, आणि गुरुवारी तर मुळीच नको.

कधी कधी सी मधे दोनशे जीबी मोकळे असूनही श्रिंक फक्त दोन-चार जीबी देऊ करतं. पार्टिशनच्या टोकाला न हलणाऱ्या फाइली बसलेल्या असतात: पेजफाइल (मेमरी कमी पडली की विंडोज वापरतं ती), हायबरनेशनची फाइल, सिस्टिम प्रोटेक्शनचे रिस्टोअर पॉइंट. हायबरनेशन बंद करा, पेजफाइल तात्पुरती बंद करा, सिस्टिम प्रोटेक्शन तात्पुरतं बंद करा, मशीन पुन्हा सुरू करा आणि मग कमी करून बघा. काम झाल्यावर तिन्ही आठवणीने परत चालू करा. सिस्टिम प्रोटेक्शन बंद करताना जुने रिस्टोअर पॉइंट जातात, म्हणून हे इमेज घेतल्यानंतरच.

हे सगळं करण्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते बघा. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं आणि मालकाला ते माहीतच नसतं. पार्टिशन बदलल्यावर मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती आधी कागदावर उतरवा. माझी घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत आहे, वीजबिलांच्या मागे. मग बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा आणि पुढे जा.

तीन सूचना थोडक्यात. ‘कन्व्हर्ट टू डायनॅमिक डिस्क’ असं विंडोजने विचारलं तर ‘नाही’ म्हणा, परतीची वाट त्रासाची आहे. २ टीबीपेक्षा मोठी डिस्क घेतलीत तर पहिल्यांदा लावताना जीपीटी ही पार्टिशनची नोंद ठेवायची नवी पद्धत निवडा, कारण जुन्या एमबीआर पद्धतीत २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे बरेच जण आता ११ कडे जात आहेत. त्यांनी अपग्रेडच्या आदल्या दिवशी पूर्ण इमेज घ्यावीच.

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याचं सांगते. बॅकअप ‘यशस्वी’ झाला असं मशीनने म्हटलं म्हणजे काम परत मिळेल असं नाही. त्या आठवड्यात इमेज झाल्यावर मी बॅकअपमधून एका जुन्या अंकाची फाइल काढून भावाच्या लॅपटॉपवर उघडली. फाइल उघडली, पानं जागच्या जागी होती, आणि संपादकीयाच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची किडामुंगी! आमची जुनी कामं श्रीलिपीच्या, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट मशीनवर नसेल तर मराठी दिसतच नाही. विंडोजची ‘फाइल हिस्टरी’ ही बॅकअपची सोय डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स असे ठरलेले फोल्डर उचलते, विंडोजच्या आतला फॉन्टचा फोल्डर तिच्यात येत नाही. इमेजमध्ये फॉन्ट होते, पण भावाच्या लॅपटॉपवर मी फक्त फाइल नेली होती. तेव्हापासून ‘फॉन्ट’ नावाचा वेगळा फोल्डर प्रत्येक अंकाच्या फोल्डरमध्येच असतो, आणि प्रत्येक छापील फाइलीबरोबर पीडीएफ. तुम्ही टॅली वापरत असाल तर टॅलीचा डेटा फोल्डर, फोटोग्राफर असाल तर लाइटरूमचा कॅटलॉग, असं प्रत्येक धंद्याचं काहीतरी असतं जे डॉक्युमेंट्समध्ये नसतं. ते शोधून त्याचा रस्ता बॅकअपच्या यादीत घाला.

माझा बॅकअप आता बुधवारी रात्री अकराला होतो. गुरुवारी सकाळी चहा घेता घेता तारीख बघते. महिन्याच्या पहिल्या रविवारी कुठलीही एक जुनी फाइल परत काढून दुसऱ्या मशीनवर उघडते आणि संपादकीयाचा पहिला परिच्छेद मोठ्याने वाचते. डिस्क दोन आहेत, एक इथे आणि एक कोथरूडला बहिणीच्या कपाटात. तिच्याकडे गेले की अदलाबदल करते. काढण्याआधी ‘सेफली रिमूव्ह’ दाबते, दिवा विझायची वाट बघते आणि मग केबल ओढते.