जर्मनीत आयटीची पहिली नोकरी: थिसिस संपायची वाट बघू नका

दर ऑक्टोबरात मास्टर्सला नवीन मुलंमुली येतात आणि बहुतेकांचं तेच ठरलेलं असतं, "ताई, आधी पेपर काढतो, मग थिसिस, मग नोकरीचं बघू." मला तेव्हा खरंच काळजी वाटते. आपल्याकडे कंपन्या कॉलेजात येतात, प्लेसमेंटची लिस्ट लागते, पण इथे त्या भरवशावर राहू नका. इथे कंपन्या फ्रेशरला बऱ्याचदा आधी वेर्कश्टुडेंट म्हणून घेतात, वर्षभर काम बघतात आणि पटलं तर तिथेच थिसिस, तिथेच नोकरी. म्हणून पहिल्या सेमिस्टरपासूनच अर्ज टाकायला लागा.

वेर्कश्टुडेंट म्हणजे शिकता शिकता अर्धवेळ काम. लेक्चर चालू असताना आठवड्याला 20 तासांपर्यंत, सुट्टीत जास्त. हेल्थ इन्शुरन्स विद्यार्थ्यांच्याच दराने चालू राहतो, पगारातून पेन्शनचे 9.3 टक्के जातात. आपल्या विद्यार्थी म्हणून राहायच्या परवान्यावर कामाला वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस अशी मर्यादा असते, तिचा हिशोब स्वतः ठेवा. काम सुरुवातीला साधंच मिळेल, टेस्टिंग, डॉक्युमेंटेशन, लॅपटॉप सेटअप, एक्सेलमधला गोंधळ पायथनने निस्तरणं. हे घ्या. भारतात दोन वर्षं डेव्हलपर होतो मग सपोर्ट कशाला करू, असं म्हणणारी हुशार मुलं वर्षभर रिकामी बसलेली मी बघितलीत आणि फार वाईट वाटतं.

आता भाषा. इंग्लिशमध्ये चालणाऱ्या जागा आहेत, पण त्यांच्यावर जगभरातून अर्ज पडतात, आणि फर्स्ट लेव्हल सपोर्टला, म्हणजे ग्राहकाची तक्रार पहिल्यांदा ऐकून घेणाऱ्या कामाला, तर फोनवर समोरचा जर्मनच बोलणार. विद्यापीठाच्या भाषा केंद्रात आणि गावोगावच्या फोल्क्सहोखशुलमध्ये, म्हणजे मोठ्यांसाठीच्या शिक्षण केंद्रात, परवडणारे क्लास असतात, दुसरं सेमिस्टर संपेपर्यंत बी1 पर्यंत, म्हणजे रोजचं बोलणं जमेल अशा मधल्या पातळीपर्यंत पोचा. आणि फक्त बर्लिन-म्युनिक करू नका. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यातल्या छोट्या गावांत मशिनं बनवणाऱ्या मध्यम कंपन्या आहेत, त्यांनाही सॉफ्टवेअरवाली माणसं लागतात, भाडं कमी असतं, मात्र तिथे जर्मन हवंच.

सीव्ही दोन पानांत बसवा, प्रत्येक गोष्टीपुढे महिना आणि वर्ष लिहा, मध्ये गॅप असेल तर तोही सरळ लिहा कारण इथे तारखा जुळवून बघतात. आपले मार्क तसेच टाकू नका. इथे 1.0 सगळ्यात भारी आणि 4.0 म्हणजे काठावर पास, त्यामुळे दहापैकी नुसतं 8.2 लिहिलं तर एचआरला काही बोध होत नाही, शेजारी जर्मन ग्रेड काढून लिहा. सीव्ही, पत्र आणि सर्टिफिकेटं सगळं एकाच पीडीएफमध्ये.

आणि एक गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. काम सोडताना आर्बाइट्सत्सॉयग्निस मागायचं, म्हणजे कामाचं प्रमाणपत्र, तो तुमचा कायदेशीर हक्क आहे. पण त्याची भाषा सांकेतिक असते. माझ्या पहिल्या कंपनीने "त्सू उन्झरर त्सुफ्रीडनहाइट" म्हणजे 'आमच्या समाधानाप्रमाणे' असं लिहून दिलं, मी किती खूश झाले, आणि पुढे वर्षभर तेच सगळीकडे जोडत राहिले. नंतर एका जर्मन मैत्रिणीने वाचलं आणि तिचा चेहराच पडला, कारण त्याचा अर्थ चौथी ग्रेड, जेमतेम. 'पूर्ण समाधान' म्हणजे 'फोलन' असेल तर तिसरी, त्याच्या आधी 'श्टेट्स' म्हणजे 'कायम' आलं की दुसरी, आणि 'श्टेट्स' बरोबर 'फोल्स्टन' म्हणजे 'अगदी पूर्ण' असेल तेव्हाच पहिली. एका शब्दाने एवढा फरक पडतो! म्हणून हातात कागद पडला की आधी जाणत्या माणसाला दाखवा, पटलं नाही तर बदलून मागा, मागता येतं.

डिग्री झाल्यावर नोकरी शोधायला 18 महिन्यांचा परवाना मिळतो, त्या काळात पोटापाण्यासाठी कुठलंही काम करता येतं. ब्लू कार्डला, म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांच्या नोकरीच्या परवान्याला, नव्या पदवीधरांसाठी आणि आयटीसाठी 2025 मध्ये वर्षाला किमान 43,759.80 युरो पगाराची अट होती, आकडा दर जानेवारीत बदलतो. ऑफर त्याहून थोडी कमी आली म्हणून घाबरून नाकारू नका, पदवीधरांसाठी दुसरा कामाचा परवानाही असतो.

करार हातात आला की त्याच दिवशी आउसलेंडरबेहोर्डेकडे, म्हणजे परदेशी लोकांचे परवाने देणाऱ्या कार्यालयाकडे, नव्या परवान्याचा अर्ज टाका. अपॉइंटमेंटला मोठ्या शहरांत महिने लागतात, पण जुना परवाना संपायच्या आत तुमचा अर्ज गेलेला पाहिजे, आणि अर्ज केल्याचा पुरावा जपून ठेवा.