सेगोव्हिया : पाण्याच्या वाटेने चालत

स्पेनमधल्या सेगोव्हियाला जाणारे बहुतेक जण तिथल्या रोमन जलसेतूच्या, म्हणजे पाणी नेण्यासाठी कमानींवर बांधलेल्या पुलाच्या, पायथ्याशी उतरतात, फोटो काढतात आणि लगेच चढाला लागतात. पहिल्या खेपेला आम्हीही तेच केलं. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, त्यामुळे परत आल्यावर चुटपुट लागून राहिली. दुसऱ्या खेपेला पाणी ज्या वाटेने गावात यायचं, तीच वाट धरली. तुम्हीही तीच धरा.

माद्रिदच्या चामार्तिनहून जलद गाडी अर्ध्या तासात सेगोव्हिया-गियोमारला पोचवते. स्टेशन गावाबाहेर आहे. तिथून ११ नंबरची बस जलसेतूपाशी सोडते. उतरलात की जुन्या गावाकडे पाठ करा आणि कमानींच्या कडेकडेने वर चालू लागा. जमीन चढत जाते तशा कमानी ठेंगण्या होत जातात. शेवटी एक दगडी खोली लागते. डोंगरातून आलेलं पाणी इथे थबकायचं, वाळू-गाळ तळाशी बसायचा आणि निवळलेलं पाणी पुढे जायचं. रोमनांची ही युक्ती बघून मी तिथेच उभी राहिले. आम्ही तरी वेगळं काय करत होतो?

आता उलट फिरा आणि पाण्याबरोबर उतरा. घाई नको. मध्येच काही कमानी गोल नसून माथ्याला किंचित टोकदार दिसतील. मोडलेल्या ३६ कमानी पंधराव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा बांधल्या, त्यातल्या या. जवळ जाऊन ग्रॅनाइटचा एखादा चिरा नीट बघा. त्यावर बोटाचं पेर जाईल एवढा खळगा असतो. चिरा उचलताना लोखंडी चिमट्याचं टोक त्यात अडकवत. सांध्यात चुना नाही, काही नाही. दगड दगडाच्या भारावर उभा आहे. आसोगेखो चौकात पोचता तेव्हा तीच ठेंगणी रांग दुमजली होऊन सुमारे २८ मीटर उंच गेलेली असते. खालून एकदम बघण्यापेक्षा ती अशी वाढत गेलेली बघा, मग मान वर करा.

चौकातून सेर्व्हान्तेस रस्त्याने चढा. कासा दे लोस पिकोस या जुन्या वाड्याच्या दर्शनी भिंतीवर दगडी टोकंच टोकं आहेत. ती लक्षात राहतीलच. मी सांगेन ते आजूबाजूच्या घरांच्या गिलाव्याकडे बघायला. दोन थर द्यायचे आणि वरचा ओला असतानाच खरवडून नक्षी उमटवायची, अशी ही इथली कला. साध्यासुध्या घरांवरही ती आहे.

पुढे सान मार्तिनचं देऊळ आणि त्याच्याजवळ हुआन ब्राव्होचा पुतळा. राजाविरुद्ध कास्तिलच्या शहरांनी केलेल्या, कोमुनेरोंच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बंडातला हा पुढारी. १५२१ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. जुनं कॅथेड्रल आल्काझार किल्ल्यासमोर होतं, ते याच लढाईत उद्ध्वस्त झालं. म्हणून नवं, १५२५ पासून, गावाच्या मधोमध प्लासा मायोरला बांधलं. त्याच चौकात सान मिगेलचं देऊळ आहे. तिथल्या आधीच्या देवळापाशी १३ डिसेंबर १४७४ ला इसाबेलाला कास्तिलची राणी म्हणून जाहीर केलं. आताची इमारत नंतरची.

जलसेतू संपला की त्याचं पाणी जमिनीखालच्या पाटाने पार आल्काझारपर्यंत जायचं. किल्ला १८६२ च्या आगीत होरपळला, त्यामुळे आतली बरीच दालनं पुन्हा उभी केलेली आहेत. वेळ कमी असेल तर आतलं सोडा, बुरुज चढा. पायऱ्या १५२ आहेत आणि जिना अरुंद आहे. माझे गुडघे दुखतात म्हणून मी खाली थांबले. हे चढून आले आणि दिवसभर त्याबद्दलच बोलत होते.

इथून लोक परततात. तुम्ही मात्र एरेस्माच्या काठी उतरा, नदी ओलांडा आणि व्हेरा क्रूसपर्यंत चाला. हे बाराकोनी देऊळ १२०८ चं. उघडण्याच्या वेळा आधी बघून ठेवा. बंद असलं तरी हेलपाटा वाया जात नाही. देवळासमोरून मागे वळून बघा. दोन नद्यांच्या बेचक्यातल्या कड्यावर आल्काझार जहाजाच्या नाळेसारखा पुढे आलेला दिसतो, आणि एवढ्या उंचीवर पाणी का न्यावं लागलं ते तिथे उभं राहिल्यावर समजतं. परतीचा चढ दमवतो. बाटली भरून घ्या आणि गाडीच्या वेळेआधी दोन तास तरी हातात ठेवा.