दुसरीच्या वर्गात, बाईंच्या हाताखाली

डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या पदविकेच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांना आंतरवासितेविषयी, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष काम करण्याच्या काळाविषयी, बहुधा एकच काळजी असते, ती म्हणजे आपला पाठ नीट होईल की नाही. टाचण (पाठाची लेखी तयारी), शैक्षणिक साहित्य, फळ्यावरचे अक्षर आणि निरीक्षणाला येणाऱ्या प्राध्यापकांचा शेरा यांतच सारे लक्ष गुंतून राहते. सोलापूरच्या पूर्व भागातील एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गशिक्षिकांच्या हाताखाली काम केल्यावर माझे मत असे झाले की, पाठ घेणे हा या काळातला लहानसा भाग आहे. एकेका मुलाशेजारी बसून ते नेमके कुठे अडते हे पाहणे, हेच यातले खरे शिक्षण आहे. पुढे नोकरी लागल्यावर सगळा वर्ग अंगावर असतो आणि इतक्या निवांतपणे एका मुलाकडे पाहण्याची सवड क्वचितच मिळते.

अशोक चौक, भद्रावती पेठ या बाजूला यंत्रमागावर आणि विडीकामावर चालणारी घरे पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, काहींत कन्नड. महापालिकेच्या शाळा मराठीबरोबर उर्दू, तेलुगू आणि कन्नड माध्यमांतूनही चालतात, तरी पुष्कळ पालक मुलांना मराठी माध्यमात घालतात. त्यामुळे वर्गात एखादे मूल गप्प बसले, तर त्याला येत नाही असे धरून चालू नये. ते बहुतेक वेळा घरच्या भाषेत विचार करत असते आणि उत्तर मराठीत आणायला त्याला थोडा वेळ लागतो.

याचे सर्वांत स्पष्ट दर्शन मला संख्यालेखनात झाले. बाईंनी ‘त्रेपन्न’ सांगितले की काही मुले हमखास 35 लिहीत. मराठीत त्रेपन्न म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि पन्नास नंतर, लिहिताना मात्र पाच आधी लिहावे लागतात. तेलुगू आणि कन्नडमध्ये दशक आधी आणि एकक नंतर उच्चारतात. ज्याला घरी त्या क्रमाची सवय आहे, त्याला मराठी संख्यांचा उलटा क्रम नव्याने शिकावा लागतो, आणि खुद्द मराठी घरांतली मुलेही इथे कमी अडखळत नाहीत. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या नव्या पाठ्यपुस्तकात सत्तावीस ही संख्या ‘वीस सात’ अशीही वाचायला दिली, तेव्हा राज्यभर वाद झाला होता. रूढ संख्यानामे मुलांना आलीच पाहिजेत याविषयी दुमत नाही. पण अडलेल्या मुलाला ‘पन्नास आणि तीन’ असे फोडून सांगितल्यावर त्याचा हात कसा सरळ चालतो, हे मी पाहिले आहे, आणि म्हणून त्या पायरीला माझा मनापासून पाठिंबा आहे.

बाईंची पद्धत साधी होती. आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधून ठेवलेले असत. 35 लिहिणाऱ्या मुलीला त्या चूक म्हणत नसत. ‘त्रेपन्न काड्या दे गं,’ एवढेच म्हणत. ती पाच गठ्ठे उचले, तीन सुट्या काड्या शेजारी ठेवी, मग वहीकडे पाही, आणि कोणी काही न सांगता खोडरबर हाती घेई. काड्या उचलल्यापासून खोडरबर घेईपर्यंत बराच वेळ जातो आणि तेवढा वेळ मध्ये न बोलता बसणे मदतनिसाला सर्वांत जड जाते. उत्तर जिभेवर आलेले असते, मूल आपल्या तोंडाकडे पाहत असते, तरीही थांबावे.

बसावे ते मुलांबरोबर सतरंजीवर, त्यांच्या नजरेच्या पातळीला. एक लहान वही जवळ ठेवावी आणि तिच्यात ‘हुशार’, ‘कच्चा’ असे शेरे न लिहिता जे दिसले तेच लिहावे: हातच्याच्या वजाबाकीत लहान अंक मोठ्यातून वजा करतो, जोडाक्षर आले की शब्द गाळतो, मागे बसल्यावर फळ्यावरचे उतरवत नाही. यातली शेवटची नोंद कदाचित डोळे तपासायला हवेत असे सांगत असते. शाळा सुटल्यावर ही वही वर्गशिक्षिकांना दाखवावी. माझ्या टाचणांपेक्षा बाईंना तिचा उपयोग अधिक झाला.

शिस्तीबाबत एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. शिक्षणहक्क अधिनियम, 2009च्या कलम 17 नुसार मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई आहे, आणि छात्राध्यापकही याला अपवाद नाहीत. मुलांचे फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकू नयेत, हेही तितकेच महत्त्वाचे.

परिपाठ आणि हजेरी यांत मदत करता करता नावे पाठ होतात. पोषण आहाराच्या वेळी मात्र वाढायला अवश्य उभे राहावे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, 450 किलोकॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरलेले आहे. पण घरून न खाता कोण आले आहे, हे पंगतीत वाढतानाच कळते, आणि सकाळच्या तासाला ते मूल का पेंगत होते याचा उलगडाही तिथेच होतो.

वर्ग निवडण्याची मुभा मिळाली तर पहिली किंवा दुसरी मागावी, आणि शक्य असेल तर पहिल्या सत्रात जावे. मार्च उजाडला की सोलापूरच्या उन्हामुळे सकाळची शाळा सुरू होते, पाठोपाठ वार्षिक मूल्यमापनाची गडबड येते, आणि बाईंना आपल्याशी बोलायला फुरसत राहत नाही.