जीवशास्त्र ऑलिंपियाडची तयारी : हृदय आधी हातात, मग वहीत

एनएसईबी, म्हणजे जीवशास्त्र ऑलिंपियाडची पहिली चाळणी. तिच्या एका भागात चुकीच्या उत्तराला गुण वजा होतो, दुसऱ्यात सगळे बरोबर पर्याय टिपले तरच ६ गुण पदरात पडतात. नुसती नावं घोकणारा इथेच अडकतो. हृदयापासून सुरुवात करा.

मटणवाल्याकडे ‘काळीज’ मागू नका, यकृत मिळेल. ‘दिल’ मागा, चीर देऊ नका आणि वरच्या नळ्या दोन बोटं लांब ठेवा, असं आधीच सांगा. नळ्या मुळाशी छाटल्या तर महाधमनीची झडपही जाते. त्याच दिवशी कापा. स्वयंपाकाची सुरी नको, हातमोजे हवेत.

चिमटून पाहा: घट्ट, जाड ती डावी बाजू. हृदयाची पुढची बाजू तुमच्याकडे असेल तर ती तुमच्या उजव्या हाताला येते. आकृतीत सर्वाधिक चुका इथेच होतात. कापण्याआधी महाधमनीत पाणी ओता. तीन पाकळ्या फुगून मिटतात आणि पाणी अडतं. हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांतून थोडं झिरपेल, ते ठीकच. आता बोथट टोकाच्या कात्रीने निलय, म्हणजे हृदयाचा खालचा कप्पा, खालच्या टोकापर्यंत उघडा. झडपेला बांधलेले पांढरे दोरे तोडू नका. ते झडप ओढून उघडत नाहीत, तिला अलिंदात, म्हणजे वरच्या कप्प्यात, उलटू देत नाहीत. पर्यायांत हा सापळा हमखास असतो.

जुन्या पुस्तकांत अलिंद-निलयांना कर्णिका-जवनिका म्हटलंय. शेजारी ॲट्रियम, व्हेंट्रिकलही लिहा.

मग वहीत दाबाचा आलेख. मिनिटाला ७५ ठोके धरले तर एक चक्र ०.८ सेकंदाचं: अलिंदांचं आकुंचन ०.१, निलयांचं ०.३, उरलेले ०.४ विश्रांती. डाव्या निलयातला दाब महाधमनीतल्या सुमारे ८० मिमी पाऱ्याच्या वर गेला की झडप उघडते, पुढे तो १२० पर्यंत चढतो. उजव्यात जेमतेम २५, म्हणून भिंत पातळ. चक्रात दोनदा चारही झडपा बंद असतात. तेव्हा दाब बदलतो, निलयातलं रक्त तेवढंच राहतं. हे आलेखावर बोट ठेवून सांगता येईपर्यंत पुढचं प्रकरण उघडू नका.

नाडी अंगठ्याने मोजू नका, त्याची स्वतःची नाडी लागते. व्यायामानंतर १५ सेकंद मोजून चौपट करा, पण एक ठोका चुकला तर उत्तर चारने चुकतं. विश्रांतीची नाडी पूर्ण मिनिटभर मोजा.