सीएनसीच्या कार्डाला हात लावण्याआधी

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या मशीन शॉपमध्ये सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनच्या इलेक्ट्रॉनिक कार्डाची पावसाळाभर बिनबोभाट जाणारी बदली फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत दगा देते, कारण तेव्हा अंगावर स्थिर वीज (स्टॅटिक चार्ज) साठते. दाराच्या कडीला झटका जाणवतो, तेव्हा अंगावर साधारण ३००० व्होल्ट असतात. कार्डावरच्या कित्येक आयसी (चिप) १०० व्होल्टच्या आतच दुखावतात. म्हणजे झटका बसला नाही, म्हणून कार्ड वाचलं असं धरू नका. दुखावलेली आयसी पुष्कळदा त्या दिवशी चालते आणि नंतर मधूनच अलार्म देत बसते.

सुरुवात अर्थिंगपासून. इलेक्ट्रिशियनकडून फेज-अर्थ व्होल्टेज मोजून घ्या. २३० च्या आसपास यायला हवं. शंभर-सव्वाशे दिसले, तर अर्थची वायर कुठेतरी तुटलेली आहे आणि तिथे रिस्ट स्ट्रॅप (अंगावरचा चार्ज अर्थमध्ये उतरवणारा मनगटी पट्टा) लावून काही उपयोग नाही. मग स्ट्रॅप तपासा: मनगटाकडचं बटण ते क्लिप, मल्टिमीटरवर सुमारे १ मेगाओहम. शून्य आलं तर तो स्ट्रॅप फेकाच, कारण आतला रेझिस्टर तुमचा जीव वाचवण्यासाठी असतो. काहीच रीडिंग नसेल तर वायर बहुधा बटणाजवळच तुटलेली सापडते.

मशीनच्या पॅरामीटरचा (सेटिंगचा) बॅकअप घ्या, मेन आयसोलेटर पाडा. ड्राइव्हच्या (मोटर चालवणाऱ्या युनिटच्या) लेबलवर लिहिलेली मिनिटं थांबा आणि त्यातल्या कपॅसिटरवर उरलेलं व्होल्टेज प्रत्यक्ष मोजा. स्ट्रॅप त्यानंतरच, चालू पॅनलमध्ये तो कधीही घालू नका.

टेबलावरून थर्माकोल, बबल रॅप, सेलोटेप, पॉलिथीन किमान फूटभर लांब सरकवा. प्लॅस्टिकवरचा चार्ज अर्थ केल्याने उतरत नाही, त्यामुळे इथे स्ट्रॅपचा इलाज चालत नाही. स्वेटर काढा, सुती शर्ट बरा. अर्थ केलेली अँटिस्टॅटिक मॅट अंथरा.

नवं कार्ड त्याच्या चंदेरी (बाहेरचा झटका अडवणाऱ्या) पिशवीसकट मॅटवर ठेवा, उघड्या कातडीवर स्ट्रॅप घट्ट बांधा, मगच पिशवी फोडा. कार्ड कडांनी धरायचं, कनेक्टरच्या पिनांना बोट नको. जुनं कार्ड लगेच त्याच चंदेरी पिशवीत. गुलाबी पिशवी स्वतः चार्ज धरत नाही एवढंच, बाहेरचा झटका ती अडवत नाही. बॅटरी असलेलं कार्ड मात्र वीजवाहक काळ्या फोमवर ठेवू नका, फोममधून बॅटरी उतरते. रिपेअरला कुरिअर करताना आधी चंदेरी पिशवी, बबल रॅप तिच्या बाहेरून.