आवडता बँड दुसऱ्याच्या गळी कसा उतरवायचा

"पिंक फ्लॉइड म्हणजे बाप आहे बाप!" असं ऐकून आजवर कुणी पिंक फ्लॉइड लावलंय का? समोरचा मान डोलावतो, फार तर एक अंगठा पाठवतो आणि आपल्या कामाला लागतो. त्याला तरी काय बोलणार, कारण बाप, कडक, जबरी, अंगावर काटा हे सगळे शब्द आपण इतक्या बँडना वापरून झालेत की आता त्यातून काहीच कळत नाही. आपल्याला आवडलं एवढंच कळतं, आणि ते त्याला आधीच माहीत असतं, टीशर्टवर छापलेलं असतं.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे कान कुठे लावायचा ते सांगा. अख्खा बँड सांगू नका, अल्बमही नको, एक गाणं आणि त्यातली एक जागा. उदाहरणार्थ पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) मधलं 'द ग्रेट गिग इन द स्काय'. सुरुवातीला मिनिटभर पियानो चालतो, मध्ये कुणीतरी मरणाबद्दल दोन वाक्यं बोलून जातो, आणि मग एका बाईचा आवाज जो सुटतो तो गाणं संपेपर्यंत, एकही शब्द नाही, नुसता आवाज. ती क्लेअर टॉरी. स्टुडिओत गायला बोलावलेली गायिका, त्या दिवसाचे तिला ३० पाउंड मिळाले, आणि पुढे कोर्टात गेल्यावर २००५ मध्ये तडजोड होऊन गाण्याच्या श्रेयात तिचं नाव लागलं. आता तुम्ही कुणाला एवढंच लिहून पाठवा की "एक मिनिट थांब, मग आवाज येईल, मध्ये तो एकदम शांत होईल तेव्हा बंद करू नकोस", बघा तो ऐकतो की नाही. ऐकतोच. कारण आता त्याला काहीतरी शोधायचंय.

अशा जागा सापडायला आपल्याला स्वतःला परत एकदा नीट ऐकावं लागतं, आणि खरं सांगायचं तर हाच यातला सगळ्यात मजेचा भाग. आपण ज्या गाण्यावर जीव टाकतो ते नेमकं कशामुळे आवडतं हे बऱ्याचदा आपल्यालाच माहीत नसतं. हेडफोन लावा, गाणं चालू करा, जिथे आपोआप मान हलते किंवा आवाज वाढवावासा वाटतो तिथे घड्याळ बघा आणि मिनिट-सेकंद लिहून ठेवा. मग विचार करा तिथे काय झालं, ड्रम्स आले का, बेस थांबला का, गायकाचा आवाज फाटला का. संगीताचं शिक्षण नसलं तरी चालतं. लेड झेपेलिनच्या १९७१ च्या चौथ्या अल्बममधलं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' घ्या, त्यातले ड्रम्स एवढे अवाढव्य का वाटतात तर त्यांचा ड्रमर जॉन बॉनम याला हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात जिन्याच्या पायथ्याशी बसवलं होतं आणि माइक वर जिन्यात टांगले होते. हे कळल्यावर ते गाणं ऐकताना तो जिना दिसायला लागतो राव.

पहिलं गाणं कुठलं द्यायचं

इथेच बहुतेक फॅन लोक घोळ घालतात. एकतर सगळ्यात गाजलेलं गाणं देतात जे समोरच्याने आधीच कुठेतरी ऐकलेलं असतं, नाहीतर आपली निष्ठा सिद्ध करायला सगळ्यात अवघड देतात. पिंक फ्लॉइडचं 'एकोज' मलाही प्रचंड आवडतं पण ते २३ मिनिटांचं आहे, 'मेडल' (१९७१) या अल्बमच्या तबकडीची अख्खी दुसरी बाजू, नव्या माणसाला कशाला छळता. आधी त्याला विचारा की सध्या काय ऐकतोयस, आणि त्यातलं काय आवडतं. कुणी शब्दांसाठी ऐकतं, कुणी तालासाठी, कुणाला रात्री झोपताना काहीतरी हळू लागतं. रेडिओहेडच ऐकवायचा असेल तर ताल आवडणाऱ्याला 'इन रेनबोज' (२००७) मधलं '१५ स्टेप' द्या, त्याचा ठेका पाचाचा आहे, पाय नेहमीसारखा आपटायला गेला की चुकतो आणि मग माणूस हट्टाने तीनदा ऐकतो. शब्दवाल्याला मात्र त्याने काही होणार नाही, त्याला 'ओके कॉम्प्युटर' (१९९७) मधलं 'नो सर्प्राइजेस' द्या.

आणि एकच गाणं. साठ गाण्यांची प्लेलिस्ट पाठवणे म्हणजे गृहपाठ देणे, ती कोणीही ऐकत नाही.

अल्बम सांगताना

अल्बमची गोष्ट जरा वेगळी आहे कारण तिथे गाण्यांचा क्रम हाच अर्धा माल असतो. म्हणून आधी तांत्रिक कटकट मिटवा: शफल बंद, ॲपमध्ये क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता दुसरं त्यावर चढवणं) असेल तर तोही बंद, आणि गॅपलेस (दोन गाण्यांत खंड न पाडणं) चालू. 'डार्क साइड'मध्ये गाणी एकात एक मिसळलेली आहेत, मध्ये अर्ध्या सेकंदाचा खड्डा पडला की सगळी मजा जाते, आणि क्रॉसफेडने तर ती खिचडीच होते.

दुसरं म्हणजे जुने अल्बम एलपीसाठी बनलेत, एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं, मग उठायचं, तबकडी उलटायची. हे बनवणाऱ्यांच्या डोक्यात होतं. बीटल्सच्या 'ॲबी रोड'ची (१९६९) पहिली बाजू 'आय वाँट यू' ने संपते, तेच ते दळण दळत दळत गाणं जड होत जातं आणि अचानक कात्रीने कापल्यासारखं तुटतं. मग शांतता, उठून बाजू बदला, आणि दुसरीकडे 'हिअर कम्स द सन'. आता स्ट्रीमिंगवर हे दोन्ही पाठोपाठ येतात आणि तो धक्का निम्मा वाया जातो. म्हणून मी कुणाला 'ॲबी रोड' सांगितला तर हेही सांगते की ते गाणं तुटलं की पॉज कर, पाणी पिऊन ये, मग पुढचं लाव. लोकांना वाटतं मी अती करतेय. करून बघा.

व्हर्जन पण सांगा, नुसतं नाव नको. एकाच अल्बमचे रीमास्टर, डीलक्स, लाइव्ह असे पाच अवतार असतात आणि समोरचा शोधायला गेला की भलतंच वाजतं. मेटॅलिकाच्या 'डेथ मॅग्नेटिक'चं (२००८) उदाहरण फॅन लोकांना पाठ आहे, सीडीवर आवाज इतका दाबून मोठा केलेला की फाटल्यासारखा वाटायचा, आणि गिटार हीरो या व्हिडिओ गेममध्ये तीच गाणी मोकळी ऐकू यायची, मग लोक गेमवालं व्हर्जन एकमेकांना द्यायला लागले. डीप पर्पलचं 'चाइल्ड इन टाइम' सुद्धा असंच, स्टुडिओवालं ठीक, पण मी तरी 'मेड इन जपान' (१९७२) वरचं लाइव्हच पाठवणार, वाद घालायचा असेल तर घाला.

पडद्यामागचे किस्से आधी सांगायचे की नंतर? माझं मत असं की ज्या किश्शाने गाण्याचा अर्थ बदलतो तो आधी सांगा. फ्लीटवुड मॅकचा 'रूमर्स' (१९७७) बनत होता तेव्हा बँडमधली दोन्ही जोडपी फुटत होती, त्यातल्या एका जोडीतल्या लिंडसी बकिंगहॅमने 'गो युअर ओन वे' आपल्या जोडीदारीण स्टीव्ही निक्सवरच लिहिलं आणि मागे कोरसमध्ये तीच गातेय! हे माहीत नसेल तर ते नुसतं एक छान उडतं गाणं आहे. पण कीथ जॅरेटचा 'द कोल्न कॉन्सर्ट' मी आधी काही न सांगता ऐकवते. तासाभराहून जास्त एकटा माणूस पियानो वाजवतोय, आधी काहीही ठरवलेलं नाही. ऐकून झालं की मग सांगायचं की २४ जानेवारी १९७५ च्या त्या रात्री हॉलवाल्यांनी चुकीचा, लहान, बिघडलेला पियानो आणून ठेवला होता, वरचे सूर पत्र्यासारखे, खालचे दमदार नाहीत, म्हणून तो मधल्या पट्टीतच जास्त घुटमळला आणि डाव्या हाताने तेच तेच आकृतिबंध वाजवत राहिला. आधी सांगितलं तर लोक संगीत सोडून पियानोतले दोष ऐकत बसतात.

कॉन्सर्टच्या आठवणी

कॉन्सर्टबद्दल लिहायचं असेल तर त्याच रात्री लिहा, झोपायच्या आधी, वाकडंतिकडं चालेल, फोनवर स्वतःलाच व्हॉइस नोट टाकली तरी चालेल. कुठली गाणी वाजली हे लिहून ठेवायची गरज नाही, त्यासाठी सेटलिस्ट डॉट एफएम आहे, तिथे कुणीतरी आधीच भरलेलं असतं. तिथे जे मिळणार नाही ते लिहा. तुम्ही कुठे उभे होतात, समोर कोण उंच माणूस होता, कुठल्या गाण्यात साउंड गेला, गायक कुठली ओळ विसरला आणि लोकांनी ती कशी पूर्ण केली. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला कॉन्सर्ट फॉर बांगलादेश झाला, त्यात रविशंकर आणि अली अकबर खाँसाहेब वाद्यं सुरात लावत होते तर पब्लिकने टाळ्या वाजवल्या, आणि रविशंकर म्हणाले की सूर लावणंच एवढं आवडलं तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे. पुढे काय वाजवलं ते किती जणांना आठवतं माहीत नाही, हा किस्सा मात्र सगळ्यांना येतो.

पण आठवण थापा मारते हे लक्षात ठेवा. बॉब डिलनला प्रेक्षकांतून कुणीतरी "जूडास!" (म्हणजे विश्वासघातकी) ओरडलं तो कार्यक्रम १७ मे १९६६ चा, मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधला. पण चोरून निघालेल्या रेकॉर्डवर लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल असं लिहिलेलं होतं, आणि लोकांनी ते इतकी वर्षं खरं मानलं की १९९८ मध्ये अधिकृत अल्बम निघाला तेव्हाही तेच नाव अवतरणचिन्हात ठेवावं लागलं. त्याच इमारतीतल्या छोट्या हॉलमध्ये ४ जून १९७६ ला सेक्स पिस्टल्स वाजवून गेले, ऐकायला जेमतेम काही डझन लोक, आणि नंतर "मी तिथे होतो" म्हणणारे मोजले तर स्टेडियम भरेल! तर तिकीट, फोटो, तारीख जुळवून घ्या, आणि जुळत नसेल तर "मला असं आठवतंय" म्हणून मोकळे व्हा. टीव्हीवर बघितलं असेल तर टीव्हीवर म्हणा, त्यात कमीपणा काय, १३ जुलै १९८५ च्या लाइव्ह एडमधला क्वीनचा वीसेक मिनिटांचा कार्यक्रम जगातल्या बहुतेकांनी टीव्हीवरच बघितलाय आणि तीही आठवणच आहे.

व्हिडिओ काढायचाच तर अर्धा मिनिट काढा, हात स्थिर, आणि शक्यतो दोन गाण्यांच्या मधला, कारण मोठ्या आवाजात फोनचा माइक फाटतो पण लोकांचा गलका छान येतो. जाता जाता, कानात इअरप्लग घाला. अमेरिकेतल्या निओश या संस्थेच्या हिशोबाने ८५ डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० ला पंधरा मिनिटं, आणि रॉक कॉन्सर्ट १०० च्या वर सहज जातो.

अख्खं रेकॉर्डिंग वाटायचं असेल तर बँडची परवानगी आहे का बघा. ग्रेटफुल डेड याबाबतीत दिलदार होते, १९८४ पासून तर रेकॉर्ड करणाऱ्यांना वेगळी जागाच द्यायचे, अट एवढीच की टेप वाटा पण विकू नका. त्या लोकांची शिस्त उचलण्यासारखी आहे, प्रत्येक टेपवर तारीख, जागा, कितवी कॉपी हे सगळं लिहिलेलं, म्हणूनच ८ मे १९७७ चा कॉर्नेलचा शो म्हटलं की आजही डेडहेड लोकांना, म्हणजे त्यांच्या फॅन लोकांना, लगेच कळतं.

आणि दुसरा सांगत असेल तेव्हा

"फॅन आहेस ना, मग तीन गाणी सांग" ही परीक्षा घेऊ नका, आणि "पहिले दोन अल्बमच खरे, नंतर बँडवाले पैशाला विकले गेले" हे तर अजिबात नको, निदान पहिल्या दिवशी तरी. कुणाला हिट गाणंच आवडत असेल तर आवडू दे, ते हिट झालं ते उगाच नाही. "ऐकलं, मस्त आहे" एवढंच उत्तरही देऊ नका, त्यातून नीट ऐकलं नाही हे सरळ दिसतं. त्याने पाठवलेल्यातली एक जागा तुम्हीही पकडा आणि ती सांगा. नाही आवडलं तर तेही सांगा, पण कुठे कंटाळा आला ते नेमकं सांगा, मग तो दुसरं काहीतरी शोधून पाठवतो.

आणि समजा तुमचं गाणं त्याला खरंच आवडलं तर हुरळून जाऊन अख्खी डिस्कोग्राफी अंगावर ओतू नका. पुढचं एकच द्या. 'डार्क साइड' आवडला तर 'विश यू वेअर हिअर' (१९७५), आठवडाभर थांबा, स्वतःहून काही विचारतोय का बघा. 'ॲनिमल्स' (१९७७) मात्र त्याने मागितल्याशिवाय देऊ नका, त्यात दहा मिनिटांच्या वरची तीन गाणी आहेत आणि तिन्ही चिडलेली.